ते घर, ते बाळ, ते भूत

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या आजीच्या घराला माडी होती. जिना लाकडी आणि इतका उभा, की चढताना वरची पायरी नाकाला लागायची. वर एकच खोली, आणि त्या खोलीच्या तुळईत ठोकलेली एक लोखंडी कडी. पाळण्याची. सुट्टीत आणि सणावाराला आम्ही सात-आठ पोरं त्या घरात धुडगूस घालायचो. पण दुपारी कुणी जिन्याला पाय लावला की खालून आजीचा आवाज यायचा, "वर जाऊ नगंस गं. झोपलंय ते."

कोण झोपलंय, हे आम्ही कधीच विचारलं नाही. आमच्यापुरता निकाल लागलेला होता: वर भूत आहे. थोरल्या आतेभावानं तर ते पाहिलंही होतं, आणि दर सुट्टीत त्याची उंची वाढत होती. त्याच्याकडे पुरावासुद्धा होता. एका श्रावणात तो हळूच वर जाऊन आला, तर कडीच्या बरोबर खाली जमिनीवर तांदूळ सांडलेले. "तांदूळ खातंय ते," तो म्हणाला. आम्ही पुढे वर्षभर जिन्याकडे पाठ करून जेवलो नाही.

मी कॉलेजात गेल्यावर आत्यानं सांगितलं. आजीचं पहिलं बाळ त्या खोलीत जन्मलं आणि बारसं व्हायच्या आधीच गेलं. नाव ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायचं तर 'ते' एवढंच म्हणता यायचं. मराठीची ही एक चमत्कारिक सोय आहे. बाळ नपुंसकलिंगी, भूत नपुंसकलिंगी आणि घरही नपुंसकलिंगी. आजी एका 'ते'बद्दल बोलत होती, आम्ही दुसऱ्याच 'ते'ला घाबरत होतो, आणि दोन्ही राहत होती तिसऱ्या 'ते'मध्ये.

हे सगळं आठवायला निमित्त झालं एका मैत्रिणीचं. खासबागेत भेळ खाता खाता तिनं विचारलं, "हे गॉथिक गॉथिक म्हणतात ते नेमकं असतं काय? आणि हल्ली झपाटलेल्या घराची कुठलीही कादंबरी घ्या, सिनेमा घ्या, त्यात एक आई आणि एक गेलेलं मूल असतंच. भुताच्या गोष्टीत आईचं काय काम?" भेळ संपेपर्यंत जमेल तेवढं सांगितलं. उरलेलं इथे सांगते.

आधी शब्द. गॉथिक म्हणजे काय ते बघायला कोल्हापूरकरांना लांब जायला नको. सीपीआर दवाखान्याच्या समोर टाउन हॉलच्या बागेत म्युझियमची इमारत आहे, तिच्याकडे एकदा मान वर करून बघा. टोकदार कमानी, तीव्र उताराची छपरं, वर निमुळती होत गेलेली टोकं. १८७० च्या दशकातली ही इमारत मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुविशारदाची. नवा राजवाडाही त्याच्याच आराखड्यातला. टाउन हॉलची शैली मात्र निओ-गॉथिक, म्हणजे युरोपातल्या मध्ययुगीन चर्चच्या बांधणीची एकोणिसाव्या शतकात केलेली उजळणी. आत ब्रह्मपुरीच्या टेकाडातून खणून काढलेल्या वस्तू मांडल्यात, आणि रस्त्यापलीकडे दवाखान्यात बायका बाळंत होतायत. गॉथिक कथेला खरं तर एवढंच साहित्य लागतं: टोकदार कमान, जमिनीतून वर आलेला भूतकाळ आणि कळा देणारी बाई.

गॉथ ही मुळात जर्मानिक टोळ्यांची जमात. त्यातल्या एका शाखेनं इसवी सन ४१० मध्ये रोम लुटलं. पुढे हजारेक वर्षांनी इटलीतल्या विद्वानांना ती टोकदार कमानींची चर्चेस ओबडधोबड वाटली, म्हणून त्यांनी त्या बांधणीला गॉथांचं नाव चिकटवलं. अर्थ एवढाच, की रानटी. गॉथांचा त्या चर्चेसशी काही संबंध नव्हता. शिवीचंच पुढे नाव झालं. आपल्याकडे निम्मी आडनावं अशीच तयार झाली असावीत.

गोष्टीला हा शब्द लागला तो होरेस वॉलपोल या इंग्रज उमरावामुळे. त्यानं १७६४ च्या अखेरीस 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' छापली, तीही जुनं इटालियन पुस्तक सापडलं आणि त्याचं भाषांतर केलं अशी थाप मारून. ती खपली तेव्हा १७६५ च्या आवृत्तीत आपणच लिहिल्याचं कबूल केलं आणि नावाखाली घातलं, 'एक गॉथिक कथा'. लग्नाच्या दिवशी राजपुत्राच्या अंगावर प्रचंड मोठं शिरस्त्राण पडतं आणि तो चिरडतो, अशी तिची सुरुवात. आज वाचताना हसू येतं. पण वॉलपोलनं एक काम कायमचं करून ठेवलं, ते म्हणजे इमारतीला पात्र केलं. गोष्टीतला किल्ला बळकावलेला आहे, आणि बळकावणाऱ्याच्या वंशाशी तो किल्लाच हिशेब चुकता करतो. माणसं विसरली तरी भिंती विसरत नाहीत, हा या कथाप्रकाराचा पाया.

पुढच्या सव्वाशे वर्षांत तो किल्ला लहान लहान होत गेला. किल्ल्याचा बंगला झाला, बंगल्याचं घर झालं, घराची एक खोली झाली. जागा जसजशी आकसली तसतसं तिथं कोण राहतं हे स्पष्ट होत गेलं. किल्ल्यात सरदार असतात. खोलीत बाई असते.

ॲन रॅडक्लिफ या लेखिकेनं भीतीचे दोन प्रकार सांगितले होते. तिचा तो मजकूर ती गेल्यावर १८२६ मध्ये छापला गेला. एका भीतीनं जीव जागा होतो, ताणला जातो, कान टवकारतो. दुसरीनं तो गोठतो. मराठीत पहिलीला धास्ती म्हणावं आणि दुसरीला दातखीळ. चांगली गॉथिक कथा धास्तीवर चालते. आईपणही बहुतेक धास्तीवरच चालतं. रात्री दोन वाजता उठून तान्ह्या बाळाच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघितला नाही, अशी आई मला अजून भेटायची आहे. काळोख, शांत घर, पाळण्यावर वाकलेली बाई आणि तिचं थांबलेलं बोट. यात भूत कुठे घालायचीही गरज नाही.

आता घराकडे येऊ. मराठीला हा विषय बाहेरून शिकवावा लागतच नाही. माणूस गेलं की आपण म्हणतो, घर खायला उठतं. सवयीनं बोलून जातो, पण शब्द एकदा सुटे करून ऐका. घर उठतं. कशाला? खायला. झपाटलेल्या घराची अख्खी कादंबरी या तीन शब्दांत बसलेली आहे. घरात अभद्र बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, हेही आपणच पोरांना सांगतो. म्हणजे घराला कान आहेत, तोंड आहे. आणि पोट? अंबाबाईच्या देवळात मूर्ती जिथे आहे त्या आतल्या खोलीला आपण काय म्हणतो? गर्भगृह. घर आणि आईचं पोट या एकाच जातीच्या जागा आहेत, हे भाषेनं कधीच मान्य केलेलं आहे. गॉथिक लिहिणाऱ्या बायका त्याच्या पुढचा प्रश्न विचारतात. त्या जागेत जे होतं ते आता नाही, मग ती जागा काय करते?

इथे सिग्मंड फ्रॉइड या मनोविश्लेषकाचा १९१९ सालचा एक निबंध कामाला येतो. जर्मनमधला 'हाइमलिश' म्हणजे घरचा, आपला. पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ झाकलेला, लपवलेला असाही आहे. त्याच्या उलट 'उनहाइमलिश', म्हणजे अंगावर शहारा आणणारं. फ्रॉइडचं म्हणणं असं, की सगळ्यात खोल शहारा अनोळखी वस्तूनं येत नाही. जे एकदा ओळखीचं होतं, मग दाबून टाकलं आणि आता पुन्हा समोर आलं, त्यानं येतो. स्मशानात रात्री भीती वाटली तर त्यात नवल नाही. आपल्याच स्वयंपाकघरात, रोजच्या फळीवर, वर्षापूर्वी मोडीत देऊन टाकलेले दुधाचे वाटी-चमचा दिसले तर काय होईल, याचा विचार करा.

आणि आता मूळ मुद्दा, ज्यासाठी मी एवढी लांबून आले. मराठीत बाई गरोदर राहिली की तिला 'दिवस गेले' म्हणतात. माणूस गेला की त्याचे 'दिवस घालतात'. येणं आणि जाणं, दोन्हीचा हिशेब एकाच शब्दानं. जाणाऱ्यासाठी आपल्याकडे वेळापत्रक आहे, आणि कोल्हापुरात ते चोख पाळलं जातं. पंचगंगेवर अंत्यसंस्कार महापालिका मोफत करते, शेणी लोक दान देतात. रक्षाविसर्जन किती वाजता हे पेपरात येतं. पुढे दहावा, कावळा, तेरावा. बायका येतात, गळ्यात पडतात, हेल काढून रडतात, रडता रडता गेलेल्याच्या आठवणी सांगतात. चूल बंद असते तेव्हा शेजारून भाकरी-पिठलं येतं. तेराव्यानंतर गोड घास भरवून लोक घरच्यांना पुन्हा जगण्याकडे ढकलतात. हे तुम्ही मानत असा वा नसा, त्याचा एक उपयोग आहे. दुःखाला उंबऱ्याबाहेर पडायची वाट मिळते.

तान्ह्या मुलाला यातलं काही नाही. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय याच नियमानं सुरू होतो: दोन वर्षांच्या आतलं मूल पुरावं, त्याला उदक देऊ नये. म्हणजे अग्नी नाही, पाणी नाही. आजही तान्हं बाळ पुरतात, आणि पोटातच गेलं असेल तर काय करायचं हे घरातल्या मोठ्यांनाही सुचत नाही. 'अजून वय आहे, दुसरं होईल,' एवढं म्हणून सगळे कामाला लागतात. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. ज्या काळात घरोघरी दोन-तीन मुलं जात, त्या काळात प्रत्येकासाठी सुतक धरत बसलं असतं तर चूलच पेटली नसती. पण आईला दूध येतं. ते स्मृती वाचून येत नाही. तीन-चार दिवस छाती भरून दुखते, पोलकं भिजतं आणि पाळणा रिकामा असतो.

दिवस गेले होते, दिवस घातले नाहीत. मग ते दिवस राहतात कुठे? घरात. आई आणि शोक यांवरच्या सगळ्या गॉथिक लेखनाचं मर्म मला या एका प्रश्नोत्तरात सापडतं. म्हणून या गोष्टी आपल्या नेहमीच्या भुताच्या गोष्टींच्या उलट चालतात. नेहमीच्या गोष्टीत भूत आलं की धास्ती, गेलं की हुश्श. इथे आईला ते जायला नको असतं. मांत्रिक बोलावलात तर तीच आतून कडी लावून घेईल. तिला भीती आहे ती दुसरीच, की एक दिवस माडीवर पावलं वाजायची बंद होतील.

मेरी शेली या इंग्रज लेखिकेचं उदाहरण बघा. तिला जन्म देऊन तिची आई मेरी वुलस्टनक्राफ्ट बाळंतज्वरानं अकरा दिवसांत गेली, साल १७९७. आपल्याकडे अशा बाईला हडळ किंवा अळवंतीण ठरवून मोकळे झाले असते. त्या शब्दांचा अर्थच बाळंतपणात मेलेल्या बाईचं भूत. गावोगावच्या या भुतांची नावं म्हणजे मातामृत्यूची जुनी नोंदवहीच आहे, फक्त तिच्यात गुन्हेगार म्हणून मेलेलीचंच नाव लिहिलंय. तर ही मेरी सतरा वर्षांची असताना, १८१५ मध्ये, तिची स्वतःची पहिली मुलगी दोन आठवड्यांत गेली. त्यानंतर काही दिवसांनी तिनं रोजनिशीत एक स्वप्न टिपून ठेवलं: बाळ मेलेलं नव्हतंच, नुसतं गारठलं होतं, शेकोटीपुढे धरून चोळलं तर जिवंत झालं. पुढच्याच वर्षी ती 'फ्रँकेनस्टाइन' लिहायला बसली. त्यात घर झपाटलेलं नाही. पण मेलेल्या देहात जीव घालायचा हट्ट कुठून आला, हे त्या शेकोटीजवळ कळतं.

घर खऱ्या अर्थानं आलं ते शार्लट पर्किन्स गिलमनच्या 'द यलो वॉलपेपर' या १८९२ च्या कथेत. ही कथा तासाभरात वाचून होते आणि मग महिनाभर सोडत नाही. नुकतीच बाळंत झालेली एक बाई, तिचा डॉक्टर नवरा, उन्हाळ्यापुरता भाड्यानं घेतलेला जुना बंगला. नवरा तिला वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवतो. ही खोली पूर्वी मुलांची होती, खिडक्यांना गज आहेत. बाळाला दुसरीच बाई सांभाळते. हिनं फक्त पडून राहायचं. लिहायचं नाही, भेटायचं नाही, विचार करायचा नाही. खोलीच्या भिंतींना पिवळा, ओंगळ नक्षीचा कागद लावलेला. बघता बघता तिला त्या नक्षीच्या मागे रांगणारी एक बाई दिसायला लागते.

गिलमनवर स्वतःवर हा प्रयोग झालेला होता. मुलगी झाल्यावर ती खचली, तेव्हा सायलस वियर मिचेल या नामांकित डॉक्टरनं तिला सक्तीची विश्रांती दिली आणि जन्मभर लेखणीला हात लावू नकोस असं सांगितलं. ती वेडाच्या काठापर्यंत जाऊन परत आली, असं तिनंच १९१३ मध्ये लिहून ठेवलंय. त्या काळी या दुखण्याला धड नाव नव्हतं. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के बायकांना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, गाठतं. विकसनशील देशांत हे प्रमाण जवळजवळ २० टक्के आहे. पाचातली एक. आपल्याकडची बाळंतिणीची खोली आठवा: अंधारी, शेगडीच्या धुरानं भरलेली, उशाखाली विळी किंवा सुरी. तिथे निदान तेल लावायला कुणी येतं, चार बायका बसतात, हा फरक मोठा आहे. पण त्या चार बायकांपुढे 'मला हे मूल जवळ घ्यावंसं वाटत नाही' असं म्हणायची सोय आहे का? शाळेच्या पुस्तकातली आई कधी चिडत नाही, कंटाळत नाही, पळून जावं असं तिला वाटत नाही. ते सगळं बोलायला या बायकांना भूत लागलं, आणि भुताला राहायला घर.

भिंतीतल्या बाईवरून एक आपल्याकडची बाई सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. श्रावणात आपण जिवतीचा कागद भिंतीवर लावतो. त्यात नरसिंह असतो, खांबातून आलेला आणि उंबऱ्यावर मारणारा. कालियावरचा कृष्ण असतो, बुध-बृहस्पती असतात, आणि मुलांना अंगाखांद्यावर खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका असतात. यातली जरा कोण? महाभारताच्या सभापर्वात तिची गोष्ट आहे. मगधाच्या बृहद्रथ राजाच्या दोन राण्यांना प्रत्येकी अर्धं मूल झालं. निर्जीव. दायांनी ते दोन तुकडे गुंडाळून चव्हाट्यावर टाकले. मांस शोधत फिरणाऱ्या जरा राक्षसिणीनं ते उचलले, न्यायला सोपे जावेत म्हणून एकत्र धरले, आणि मूल जिवंत होऊन रडायला लागलं. तोच जरासंध. राजाला मूल परत देताना ती सांगते, की मी गृहदेवी आहे, तुझ्या घरात राहते, आणि जो मला लेकरांसह भिंतीवर काढतो त्याचं घर भरतं. टाकून दिलेली दोन अर्धी अर्भकं, एक मांसखाऊ बाई, आणि भिंत. गिलमनच्या कथेतली बाई भिंतीतून बाहेर पडायला धडपडते. आपण मात्र राक्षसिणीला आमंत्रण देऊन भिंतीवर बसवली, तिला हळद-कुंकू वाहिलं आणि पोरं राखायला लावली. माझ्या मते भीतीशी वागायची ही जास्त शहाणी रीत आहे. अर्थात शुक्रवारच्या पुरणाच्या दिव्यांपुढे हा विचार कुणी करत नाही.

शर्ली जॅक्सनची 'द हॉंटिंग ऑफ हिल हाउस' ही कादंबरी १९५९ ची. तिच्यावर इथे थोडक्यात, कारण तिच्यात आई गेलेली आहे आणि मागे लेक उरली आहे. एलेनॉरनं अकरा वर्षं आजारी आईचं सगळं केलं. एका रात्री आईनं मदतीसाठी भिंतीवर ठोठावलं आणि ही उठली नाही. ऐकलं नाही, की ऐकूनही पडून राहिली, हे तिचं तिलाच ठरवता येत नाही. पुढे त्या भल्यामोठ्या घरात रात्री भिंतींवर, दारांवर ठोके पडायला लागतात. घर झपाटलेलं आहे की ती, हे जॅक्सन शेवटपर्यंत सांगत नाही आणि सांगूही नये. ज्यांनी वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं केलंय, त्यांना त्या ठोक्यांचा अर्थ विचारावा लागणार नाही.

आणि मग अमेरिकी लेखिका टोनी मॉरिसन. तिची कादंबरी 'बिलव्हेड', १९८७. माझ्या लेखी या सगळ्या परंपरेचं शिखर. मागे खरी घटना आहे. जानेवारी १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर ही गुलाम बाई केंटकीतून गोठलेली ओहायो नदी पार करून मुलाबाळांसह सिनसिनाटीला पळून आली. पकडायला माणसं दारात आली तेव्हा, मुलं पुन्हा गुलामीत जाऊ नयेत म्हणून, तिनं आपल्या लहान मुलीचा गळा चिरला. मॉरिसननं त्यातून सेथ नावाची आई उभी केली आणि तिला राहायला १२४ क्रमांकाचं घर दिलं. मुलं चार. एक, दोन, चार. तिसरं मूल आकड्यातूनच गायब आहे.

त्या घरात मेलेल्या पोरीचा राग नांदतो. आरसा तडकतो, केकवर इवल्या हातांचे ठसे उमटतात, दोन्ही मुलगे पळून जातात. सेथ जात नाही. कुठे जाणार? तिची सासू म्हणते त्याचा आशय असा, की या देशात काळ्या माणसाच्या दुःखानं आढ्यापर्यंत भरलेलं नाही असं एकही घर नाही. म्हणजे घर बदलून उपयोग नाही. त्या मुलीचंही नाव आपल्याला कळत नाही. तिच्या थडग्याच्या दगडावर एकच शब्द आहे, 'बिलव्हेड', म्हणजे 'लाडकी', आणि तो कोरून घ्यायची किंमत सेथनं स्वतःच्या देहानं मोजलेली आहे. इथे शोक एका बाईपुरता राहत नाही. आई होण्याचा हक्कच जिच्याकडून काढून घेतला, तिच्या घरात इतिहास भूत होऊन राहतो.

तिथून सुटका कशी होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मांत्रिक येत नाही, पाद्री येत नाही. वस्तीतल्या तीस बायका कुंपणापाशी येऊन उभ्या राहतात आणि आवाज लावतात. आधी शब्द नाहीत, नुसता सूर. वाचताना मला आमच्या पेठेतल्या बायका दिसल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या, दारातूनच हेल काढत येणाऱ्या. अठरा वर्षं उशिरा का होईना, त्या लेकराचे दिवस घातले गेले.

आता एक शंका कुणीतरी काढणारच, आणि कोल्हापुरात तर काढलीच पाहिजे. जादूटोण्याविरुद्ध २०१३ मध्ये कायदा झालेल्या राज्यात भुताखेतांच्या कथांचं हे कौतुक कशाला? फरक कुणाला जबाबदार धरलं जातं त्यात आहे. गावात 'तिला लागिर झालंय' म्हटलं की पुढचा प्रश्न संपतो. बाईला धरून बसवतात, लिंबू कापतात. गॉथिक कथा तिथूनच प्रश्न सुरू करते: हिला कुणी कोंडलं, हिचं काय गेलं, हिला कुणी रडू दिलं नाही? ज्या कथेत हे प्रश्नच नाहीत आणि नुसतीच केस मोकळे सोडलेली बाई विहिरीतून वर येते, ती माझ्या मते त्या लिंबू कापणाऱ्यांच्याच पंगतीत बसलेली आहे. अशा कथा मराठीत ढिगानं आहेत, आणि त्यांना गॉथिक म्हणण्यात अर्थ नाही.

मैत्रिणीचा शेवटचा प्रश्न होता, की धुकं, मेणबत्त्या, ओसाड बंगले हे सगळं तिकडचं. इथे कसं जमणार? मला तर उलट वाटतं. पन्हाळ्यावर अंधारबाव आहे, तीन मजली इमारतीच्या पोटात लपवलेली विहीर. आणि त्याहून जवळचं म्हणजे पूर. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर धोका. पावसाळ्यात आपल्याकडे रात्री झोपताना लोक आकडा विचारून झोपतात. २००५, २०१९, २०२१: पाणी घरात आलं, कपाटातले फोटो, बारशाचे कपडे, सगळं चिखल होऊन गेलं, आणि ओसरल्यावर भिंतीवर एक रेघ राहिली. कितीही रंग द्या, पुढच्या पावसात ती रेघ पोपडे धरून वर येते. नदीकाठच्या गल्ल्यांत अशी घरं चालत जाऊन बघता येतात. धुकं कशाला हवं?

आजीचं घर पुरानं गेलं नाही. ते वाटण्या होऊन, बिल्डरला देऊन गेलं. पाडायच्या आधी आत्या आणि मी शेवटचं वर गेलो, तेव्हा कडी तिथेच होती, गंजलेली. मी सहज तांदळाचा विषय काढला, आतेभावाच्या पुराव्याचा. आत्या म्हणाली, अगं, जिवतीच्या शुक्रवारी आई आम्हाला ओवाळायची. आम्ही बाहेरगावी गेलो तेव्हापासून चारी दिशांना अक्षता टाकायची, एक पुण्याकडं, एक बेळगावकडं, जो जिथं असेल तिथं. मग तबक घेऊन एकटीच जिना चढायची. गुडघे गेले तरी चढायची. आम्ही विचारलं नाही कधी.

रात्री मी आतेभावाला फोन करून हे सांगितलं. तो आता पन्नाशीला आलाय, गडहिंग्लजला असतो. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हंजे ते हुतंच की वर."